शेवटचा टक्का

३ ऑक्टोबर
ब्रनो सोडून प्रेरोवला आलो. सोमवारपासून रेल्वेच्या वर्कशॉपात रुजू. खोली झकास मिळाली आहे, मोठी खिडकी आणि ऐसपैस लोखंडी पलंग. घरमालकीण लुबा कुबातोवा सत्तरीची, एकटीच राहते. दारातच तिने बूट काढायला लावले. घरात घालायच्या सपातांचे पाच जोड तिथे रांगेत होते, सगळे पुरुषी. त्यातला एक माझ्यापुढे केला आणि गरम सूप वाढलं. अट एकच: खिडकीतला तिच्या नवऱ्याचा फोन हलवायचा नाही. नवरा, ओटाकर, तीन वर्षांपूर्वी गेला.
फोनवर काय चालू आहे ते पाहिलं आणि उडालोच. हा तर आमच्याच पंथातला! जगभरचे आम्ही हौशी लोक आपापले फोन शास्त्रज्ञांची गणितं सोडवायला फुकट देतो. बदल्यात नुसते गुण मिळतात, आणि त्या गुणांपायी आम्ही घरदार विसरतो. माझी बायको त्यालाच कंटाळून माहेरी गेली.

५ ऑक्टोबर
आमचं कायमचं दुखणं म्हणजे चार्जिंग. गणित सुरू झालं की चार्जर देतो त्याहून फोन जास्त खातो. केबल लावलेली असूनही बॅटरी उतरत जाते, आणि नव्वदच्या खाली गेली की ॲप काम थांबवतं. माझ्या फोनचं मागचं झाकण काढलं, तो गार फरशीवर ठेवला, जाड केबल आणली. तरी सकाळी एकोणनव्वदच. ओटाकरचं ते टिनपाट मात्र शंभरावरून हलत नाही. जळफळाट झाला नुसता.

७ ऑक्टोबर
बाई रोज सकाळी तो फोन उचलून गालाला लावते. ओटाकरच्या हातासारखा गरम लागतो म्हणते. गणित थांबलं की फोन गार पडतो आणि तिचा दिवस वाईट जातो. बिचारी. आज तिनेच सुचवलं, की ओटाकरला आता गुण घेऊन काय करायचं, तुमचंच नाव घाला. मी काय, लगेच घातलं. भलंमोठं काम उतरलं आहे, मुदत वीस तारखेची.

११ ऑक्टोबर
फार थकवा. हातातून पाना सुटला, तेव्हा फोरमनने विचारलं, रात्री डबे ओढतोस की काय. पण आमच्या हौशी संघाच्या गुणांच्या यादीत मी चाळीस जणांना मागे टाकलं! रविवारी फोन तापून दोन तास थांबला होता. नेमकी तेव्हाच मला हुशारी आली आणि गुलाशच्या रश्श्याबरोबर क्नेडलिकचे, म्हणजे उकडलेल्या पावाचे, आठ काप खाल्ले.

१४ ऑक्टोबर
पट्टा दोन भोकं आत गेला. ओटाकरच्या फोनची केबल जाते कुठे ते आज शोधलं. सॉकेटमध्ये नाहीच. भिंतीच्या कडेने माझ्या पलंगाखाली येते. टोक सोललेलं आहे आणि तांब्याच्या तारा पलंगाच्या लोखंडाला गुंडाळल्या आहेत. म्हणजे फोन चार्ज होतो तो माझ्यावर! उपटून काढली.

१५ ऑक्टोबर
मेल्यासारखा झोपलो आणि ताजातवाना उठलो. बॅग भरली. फोन एकोणनव्वदवर येऊन थांबला होता. बाई तो गार फोन गालाला धरून बसली होती. निघता निघता मी सहज त्यात डोकावलो. काम सत्त्याण्णव टक्के झालेलं. माझ्या नावावर. सोडलं तर मुदत टळणार आणि सगळं फुकट. आठ दिवसांची मेहनत, तीही अक्षरशः माझ्या रक्ताची. फार तर दोन दिवसांचा प्रश्न आहे. तारा मीच परत गुंडाळल्या. मध्ये खोळंबा नको म्हणून नव्वदची अटही काढून शून्यावर आणली. संपलं की निघतो.

१७ ऑक्टोबर
९९.२. उठवत नाही. आता फोन थांबतच नाही, म्हणून मलाही विसावा नाही — भीती वाटते. बाईला म्हटलं, केबल काढा. तिने चमच्याने सूप पाजलं, माझे ओठ पुसले.
“मी कुणाला बांधून ठेवलंय का हो? ओटाकरही याच पलंगावरून म्हणायचा, एवढं संपू दे. त्याच्यानंतरचेही तेच म्हणाले. काढायची तर काढा की. तुमचाच हात आहे.”

१८ ऑक्टोबर
९९.९७. हात तारांपर्यंत पोचतो. खरंच पोचतो. पण इतक्यावर आणून —

१९ ऑक्टोबर, सकाळ
९९.९९८. संघात तिसरा. पेन जड —
बाईने पलंगाजवळच्या माझ्या सपाता उचलल्या. दाराशी नेऊन रांगेत ठेवल्या. फोन गालाला लावला, हसली. छान गरम आहे म्हणाली.
हात अजून पोचतो. फक्त एवढं सं