तुमचे कनेक्शन खाजगी नाही

९ सप्टें., मंगळ.
कॉम्प्युटर आला एकदाचा. टेंपो दारात लागला नाही तोच नाना आडवे. सासरे म्हणून ऐकून घेते. "पक्ष चाललाय. पितरांच्या दिवसांत नवी वस्तू सुरू करायची नाय." म्हटलं, पुण्याची कंपनी सोमवारी काम सुरू करणार, ती काही पितरांना विचारून तारखा लावत नाही. दोघांत अबोला. हे मधे बसून चहा पीत होते, नेहमीसारखे.
काम सोपं. रेकॉर्डिंग ऐकायचं, मराठीत टाइप करायचं. जमलं तर कुंभिवलीच्या कारखान्यात पॅकिंग लाइनीत परत उभं राहणं सुटलं. पायाच्या शिरा बघून डॉक्टर काय बोलले ते घरात सगळ्यांना माहीत आहे, कुणाला आठवत मात्र नाही.

१० सप्टें., बुध.
कर्जतला हेडफोन आणायला गेले. परत येते तर स्क्रीनला हळदकुंकू, पुढ्यात फोडलेला नारळ, नाना एकदम खूष. पक्षाचं काय झालं म्हणून विचारलं नाही. कशाला उकरा.
वायफाय जोडलं. लगेच जोडलं गेलं, खूण पूर्ण. पान मात्र एकही उघडेना.

१२ सप्टें., शुक्र.
बंद केला, चालू केला. वायर काढली, लावली. नेटचा डबा पुसला. नारळाचं पाणी उडालं असेल म्हणून कॉम्प्युटर मागूनही पुसला. शून्य.
दर वेळी तेच पान येतं. लाल खूण, आणि खाली: तुमचे कनेक्शन खाजगी नाही. हल्लेखोर तुमची माहिती चोरत असतील.
मोबाइलवर तेच नेट पळतंय. आणि भिंतीपलीकडे वैशालीची मालिका, त्याच नेटवर, मोठ्या आवाजात. सासूबाई गेल्यावर घराचे दोन भाग झाले. तिकडे दीर रमेश आणि ही माझी धाकटी जाऊ, इकडे आम्ही आणि नाना. मधे एक दार. नेट आमचं, वापर दोघांचा. खाजगी नाहीच म्हणा.

१३ सप्टें., शनि.
नेटवाला आला. डब्यावरचा हिरवा दिवा दाखवतो. "ताई, नेट चालू हाय." म्हटलं, मग पान का उघडत नाही? "कॉम्प्युटरवाल्याला विचारा." कॉम्प्युटरवाल्याला फोन, तो म्हणतो नेटवाल्याला विचारा. चालू आहेत ते हेच दोघे. पासवर्ड कसा बदलायचा तेवढं मात्र नेटवाला दाखवून गेला.

१५ सप्टें., सोम.
कामाचा पहिला दिवस, आणि मी त्याच लाल पानासमोर. कंपनीतली स्नेहल गोड बोलली, पण गुरुवारपर्यंतच थांबणार. नंतर जागा दुसऱ्या कुणाला.
डोकं फिरलं. पलीकडून मालिकेचं गाणं. पासवर्ड बदलून टाकला. गाणं बंद. दोन मिनिटांत वै. दारात.
"ताई, नेट गेलं का गं?"
"गेलं नाही. काढलं. माझी माहिती चोरतंय कुणीतरी, स्क्रीनवर लिहून येतंय. या नेटवर तुमच्याशिवाय आहे कोण?"
"आमी काय चोरलं तुमचं?"
"ते तुलाच ठाऊक. सासूबाईंच्या पाटल्यापण तिकडेच राहिल्या."
पाटल्यांचं बोलायचं नव्हतं. आलं तोंडात. वै.चा चेहरा पांढराफटक. दार लावून घेतलं. मग कडीचा आवाज.

१६ सप्टें., मंगळ.
नळाला पाणी नाही. बोअरची मोटार त्यांच्या भागात. ह्यांना पाठवलं. परत आले, बादली रिकामीच.
"काय म्हणाली?"
"म्हणाली, नेट तुमचं खाजगी ना, मग मोटार आमची खाजगी हाय."
ह्यांना हसू येत होतं. मला आलं नाही. शेजारून दोन कळश्या आणल्या, मागून कुणीतरी विचारलंच, "घरात बोअर असून?"
ती कडीसुद्धा मुद्दाम वाजवून घालते. घाल म्हणावं.

१७ सप्टें., बुध.
स्नेहलला स्क्रीनचा फोटो पाठवला. लगेच फोन.
"काकू, तुमच्याकडे मागच्या वर्षीचा ऑक्टोबर कसा चाललाय?"
कोपऱ्यात बघितलं. खरंच. मागच्या दसऱ्याची तारीख.
ती म्हणाली, कॉम्प्युटर वर्षभर मागे असला की नव्या साइटींची ओळखपत्रं त्याला खोटी वाटतात, म्हणून तो उघडत नाही. चोर वगैरे काही नाही. तारीख नीट केली. सगळं धाडधाड उघडलं.
ह्यांच्याकडे बघितलं. हे चपला घालायला लागले.
"नाना ऐकेनात. मग म्हटलं तारीख दसऱ्याची लावू, म्हणजे मुहूर्तावर सुरू झाल्यासारखं. मी पुढचा लावत होतो. नाना बोलले, जो दसरा आलाच नाय त्याचा नारळ कसा फोडायचा? होऊन गेलेला लाव. नंतर परत करायची राहूनच गेली."
राहून गेली. मी आठवडाभर डोकं फोडतेय, जावेला चोर म्हणून बसले, आणि ह्यांची राहून गेली. काय बोलले ते इथं लिहीत नाही. नाना आतून म्हणतात, "पण चाललं ना शेवटी?"

१९ सप्टें., शुक्र.
दोन दिवस काम केलं. स्नेहल म्हणाली जागा पक्की. बसून काम, पाय पाटावर. आनंद व्हायला हवा तेवढा झाला नाही.
पाणी आलंय. रमेशने मोटार चालू केली, तिच्या नकळत की सांगून, माहीत नाही.
ह्यांना म्हटलं, पासवर्ड देऊन या. "तू बोललीस, तू जा." ह्यांची तारीख, आणि जायचं मी. गेले. कडी वाजवली.
"वैशाली, पासवर्ड घे गं. तारखेचा घोळ होता."
आतूनच: "नेट नको आमाला. पाटल्यांचं काय?"
सासूबाईंनी आपल्या हाताने तिला घातल्या होत्या, माझ्यासमोर. तशीच परत आले.

२१ सप्टें., रवि. सर्वपित्री.
सगळ्या पितरांचं पान आज, सासूबाईंचंही. दरवर्षी वडे वै.चे, खीर माझी, आणि पंगत एकच. माझ्या हातचा वडा नानांनासुद्धा चालत नाही, पितरांचं तर सोडाच.
खीर झाली. नाना दोनदा विचारून गेले, "धाकलीला सांगितलंस ना?" हो म्हटलं. खोटं. दारापर्यंत जाऊन आले फक्त.
आता पलीकडे मिक्सर लागलाय. डाळ वाटतेय ती. दोघांची वाटतेय का सगळ्यांची, ते आवाजावरून कळत नाही.