मोकळी या शब्दाचा अर्थ आणि बूढापाऱ्यातलं घर

मी, गोदावरी यज्ञेश्वर देवपुजारी, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार बूढापारा, रायपूर, व्यवसाय पूर्वी टॉकीजमधली तिकीटविक्री आणि आता काही नाही, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत. डोक्याबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी दमदाटी केलेली नाही, कोणी गोड बोलून सही घेतलेली नाही. गोड बोलायला माझ्याकडे आता येतंच कोण. २०११ साली केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात घर पुतण्या सचिन याच्या नावे होतं आणि माझ्या नावापुढे "निःसंतान" असा शब्द होता. दोन्ही रद्द समजावं.

समता कॉलोनीतले वकील श्री. अभिनव खिरवडकर यांनी या वेळीही हिंदीत टाइप करून आणलं आणि तोच शब्द पुन्हा घातला. मी खोडला. ते म्हणाले, "आजी, असंच लिहावं लागते. तुमच्या अपत्याचा कागद कुठं आहे?" मी म्हटलं, "कागद नाही म्हणून पोट्टी नाही काय?" पोरगा भला आहे, टाइप केलेले कागद त्याने परत बॅगेत घातले. म्हणून हे मी मराठीत आणि स्वतःच्या हाताने लिहिते आहे. त्यांनी कायद्याची कलमं तपासून दिली आहेत. बाकी बडबड माझी.

एक. माझ्या मालकीचं काय आहे. बूढापाऱ्यातलं दोन खोल्यांचं घर, वर पत्र्याची एक खोली. ते मी १९८९ साली स्वतःच्या कमाईतून घेतलं, सासरचा त्यात एक खिळा नाही. पोस्टातली ठेव, दोन बांगड्या, एक पोत, भांडीकुंडी आणि टॉकीजच्या लेडीज खिडकीची लाकडी पाटी. टॉकीज पाडून दुकानं झाली तेव्हा मजुराला चहा पाजून ती पाटी मी घरी आणली होती.

दोन. माझे यजमान रेल्वेत कारकून होते. १९७४ साली काविळीने गेले, तेव्हा मी बावीस वर्षांची होते. थोरले दीर शालिग्राम यांच्या ओळखीने टॉकीजच्या लेडीज खिडकीवर लागले. तिथे एकतीस वर्षं बसले. खिडकी हाताएवढी. बायकांचे चेहरे दिसायचे नाहीत, हात दिसायचे. फक्त प्रौढांसाठीचा सिनेमा लागला की मॅनेजर माझ्या खिडकीवर "आज बंद" अशी पाटी लावायचा आणि मला मागच्या हिशेबाच्या खोलीत बसवायचा. म्हणजे बाईच्या अंगाबद्दलचा सिनेमा असला की बायकांची खिडकी बंद. हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही. बंद खिडकीच्या आत मीच होते.

तीन. टॉकीजचे मशीन ऑपरेटर, म्हणजे पडद्यावर सिनेमा चालवणारे, हिरालाल यांना किंवा त्यांच्या वारसांना काहीही मिळणार नाही. १९७७ च्या उन्हाळ्यात, दुपारच्या खेळाला खिडकी बंद झाल्यावर, मी त्यांच्या वरच्या केबिनमध्ये अकरा वेळा गेले. माझ्या खुशीने गेले. हे मृत्युपत्रात लिहायला मला लाज वाटत नाही. त्या अकरा दुपारी मी सुखात होते, आणि त्यानंतर तशी कधीच नव्हते. आषाढात मी त्यांना सांगितलं की मला दिवस गेलेत. राखीच्या आत ते जबलपूरला निघून गेले. मशीनवर नवा माणूस आला. सिनेमा एक दिवसही बंद पडला नाही.

चार. पुतण्या सचिन यास मी माझं भांडण ठेवून जाते, दुसरं काही नाही. त्याची मुलगी राधिका हिने मुंबईत सिनेमा काढला. एका विधवेचा आणि मशीन ऑपरेटरचा. सचिनला कळलं की ही काकूची गोष्ट आहे, तेव्हा तो कागद घेऊन माझ्याकडे आला. "काकू, इथं सही कर. हे सगळं खोटं आहे म्हणून लिही. घराण्याची इज्जत जाऊन राहिली." मी विचारलं, केबिनची लाज वाटते तुला, आणि गोंदियाची नाही वाटत? गोंदियात काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. त्याच्या बापाने, शालिग्रामांनी, ते स्वतःबरोबर नेलं.

पाच. म्हणून ते इथे लिहिते. दिवाळीनंतर माझं पोट दिसायला लागलं. शालिग्रामांनी लोकांना सांगितलं, गोदू शिवण शिकायला गेली आहे. मला गोंदियात एका खाजगी दवाखान्यात ठेवलं. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी दुपारी मला मुलगी झाली. मी तिला पाहिलं नाही. रडताना ऐकलं. भिंतीपलीकडे, बराच वेळ. मग जाऊ विमला आत आली आणि म्हणाली, "काहून रडून राहिली? मोकळी झाली न आता. उठ, गाडी आहे चारची." मी विचारलं, पोट्टी कुठं आहे. दारातून शालिग्राम म्हणाले, "मेलेली निघाली."

मेलेलं मूल रडत नाही. एवढंच माझं म्हणणं आहे. सत्तेचाळीस वर्षं मी ते कोणाला म्हटलं नाही, आधी खायला त्यांच्या घरी होते म्हणून आणि मग सवयीने. दोघं नवरा-बायको आता वारले आहेत. मेलेल्यांशी वैर धरू नये म्हणतात. मी धरते.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा खिडकीवर बसले. पदराखाली ब्लाउज भिजायचा. एकदा तिकीट घेताना बाहेरच्या बाईने आत वाकून पाहिलं. हिरव्या बांगड्यांचा हात तिने मागे घेतला नाही, माझी बोटं दाबली आणि हळूच म्हणाली, "दूध उतर रहा है, दीदी. पत्तागोभी का पत्ता बाँध लेना." कोबीच्या पानाने दूध आटतं. मागे रांग होती, ती निघून गेली. आजवर या बाबतीत मला कोणी काही दिलं असेल तर त्या बाईने.

सहा. राधिकाबद्दल. हे कलम मी तीनदा फाडलं.

२०२१ साली राधिका महिनाभर माझ्याकडे राहिली. मला आजी म्हणते. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देते, इथल्या सगळ्या पोरांसारखं. मोबाइल समोर ठेवून तिने मला बोलतं केलं. केबिनचं मी सांगितलं, मोकळ्या मनाने सांगितलं. मग पुढे शब्द येईनात. आमच्या पिढीत विधवा बाळंत झाली असं तोंडातून निघत नाही. मी म्हटलं, "मग माघात एका दुपारी मी मोकळी झाले. बस." राधिका माझा हात धरून म्हणाली, "वाह आजी."

मला वाटलं, हिला कळलं. मुलीचं ऐकून ही पोर तोंड फिरवत नाही, "वाह" म्हणते. किती पुढे गेल्या या मुली. त्यानंतर दोन वर्षं मी हलकी होते. पहिल्यांदा जगात दुसऱ्या कोणाला माहीत होतं. सकाळी पोळ्या लाटताना मी त्या मुलीशी मोठ्याने बोलायला लागले.

मग सिनेमा आला. पंडरीकडच्या मॉलमध्ये मी आणि माझ्याकडे काम करणारी पिंकी, दोघी गेलो. सवयीने डोकी मोजली. त्रेचाळीस माणसं, त्यात आम्ही धरून सहा बायका. केबिनचा प्रसंग आला तसे मागची पोरं शिट्ट्या मारू लागली. नटी सुंदर होती, माझ्यापेक्षा पुष्कळ. ती खिडकी उघडते, केस सोडते आणि हसून म्हणते, "उस दोपहर मैं आज़ाद हो गई." सिनेमा संपला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझं बाळंतपण राधिकाने केबिनमध्ये नेऊन ठेवलं. माझ्या मुलीच्या जागी त्या बाईचं हसू होतं.

पिंकीला विचारलं, कसा वाटला. ती म्हणाली, "अच्छा है माँजी. पर मेरे को तो पिक्चर आने के लिए भी आदमी से पूछना पड़ा. वो किससे पूछ के ऊपर गई?" मग रिक्षात म्हणाली, "और उसके बाद बच्चा-वच्चा नहीं ठहरा क्या उसको?" आठवी शिकलेल्या पिंकीने एका दमात जे विचारलं, ते या सिनेमाला पुरस्कार देणाऱ्यांपैकी कोणी विचारलं नाही.

मी राधिकाला फोन केला. "मोकळी म्हणजे काय समजली तू?"

"फ्री, आजी. आज़ाद. और क्या?"

"अगं, बाळंत झाले मी. पोट्टी झाली मले."

राधिका म्हणाली, "आजी, फिल्म तो रिलीज़ हो गई." त्यानंतर रडली. खूप रडली, ते मी नोंदवते. पण रडून झाल्यावर जे बोलली तेही नोंदवते. "मुझे पता होता तो भी शायद नहीं डालती. बच्चा दिखाया तो वही पुरानी फिल्म हो जाती है. औरत ने मन की करी, औरत को सज़ा मिली. हम वही तो तोड़ना चाहते हैं ना."

तिचं म्हणणं खोटं नाही. मी एकतीस वर्षं ते जुने सिनेमे विकले आहेत. त्यात अशी बाई शेवटी विहिरीत जायची आणि लेडीज बाल्कनी पदराने डोळे पुसायची. आता ती हसते आणि पोरं शिट्ट्या मारतात. मी विहिरीत गेले नाही आणि हसलेही नाही. मी पंधरा दिवसांनी खिडकीवर जाऊन बसले. माझ्यासारखीला ना त्या सिनेमात जागा होती, ना या.

टीव्हीवर राधिकाला विचारत होते, हा सिनेमा खरा स्त्रीवादी आहे का. ती हो म्हणाली. मला कोणी विचारलं नाही, पण मृत्युपत्रात माणूस विचारल्याशिवाय बोलू शकतो. बाईला सुख हवंसं वाटतं हे पडद्यावर दाखवलं, बरं केलं. मला ते हवं होतं आणि मिळालं, अकरा दुपारी. पण सुख दाखवायला हिंमत लागत नाही, त्याचं तिकीट खपतं. चारची गाडी दाखवायला हिंमत लागते. सुटकेचे सिनेमे पलंगाशी संपतात आणि बाईची गोष्ट तिथून पुढे सुरू होते. राधिका वाईट नाही. शालिग्रामांनी माझी मुलगी भिंतीपलीकडे नेली, हिने शब्दापलीकडे. त्यांनी जाणूनबुजून आणि हिने प्रेमाने. माझ्या हाती दोन्ही वेळा काही राहिलं नाही.

सात. घराची वाटणी. माझं घर मी माझ्या मुलीला देते.

वकिलांच्या सांगण्यावरून खुलासा: जी स्त्री १६ फेब्रुवारी १९७८ च्या सुमारास गोंदियात जन्मली आणि जिचा डीएनए माझ्या नमुन्याशी जुळेल, ती या घराची मालकीण. तपासणीचा कागद वकिलांकडे सीलबंद आहे. मनातल्या मनात मी तिला चित्रा म्हणते. तिचं नाव आता वेगळं असेल. ज्या नावाने असेल त्या नावाने तिने यावं.

ती माझ्या मृत्यूनंतर बारा वर्षांत आली नाही तर घर पिंकीचं. तोवर पिंकीने त्यात बिनभाड्याने राहावं. तिच्या नवऱ्याने राहायचं की नाही हे पिंकीने ठरवावं, आणि त्यासाठी कोणाला विचारू नये. पोस्टातली ठेवही तिचीच. बांगड्या आणि पोत चित्रासाठी ठेवाव्यात, त्यांना मुदत नाही.

मला खोटी आशा नाही. ती येणार नाही. आली असती तर सत्तेचाळीस वर्षांत आली असती, आणि कोणाकडे आली असती? मी तर कागदावर निःसंतान होते.

आठ. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी राधिका हिला नेमते. वकील म्हणाले, विचार करा. केला. शोधायचं काम तिचं. गोंदियातला दवाखाना आता नाही, नोंदी असतील की नाही ठाऊक नाही. एका सिनेमासाठी ती दोन वर्षं गावोगाव फिरली, तर यासाठीही फिरेल. लेडीज खिडकीची पाटी तिला द्यावी. आणि जिथे जिथे तो सिनेमा दाखवून तिला मंचावर बोलावतील, तिथे तिने मोकळी या मराठी शब्दाचा अर्थ सांगावा. टाळ्यांच्या आधी सांगावा.

नऊ. माझ्या अंत्यविधीला थाट नको, मारवाडी श्मशानाजवळची विद्युतदाहिनी चालेल. मी गेल्यावर कोणीतरी म्हणेलच, म्हातारी मोकळी झाली. आपल्याकडे बाळंतिणीलाही तेच म्हणतात आणि मेलेल्यालाही तेच. माझ्या बाबतीत म्हणू नये. मी एकदाच मोकळी झाले, माघात, दुपारी, आणि तिचं रडणं अजून थांबलेलं नाही.

सबब, निःसंतान हा शब्द जिथे जिथे माझ्या नावापुढे लागला असेल, रेशन कार्डापासून पेन्शनच्या फॉर्मपर्यंत, तिथे तो चुकीचा समजावा. मला एक मुलगी आहे.

वर लिहिलेलं सगळं मी स्वतः वाचून, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवून, सही करते.

(सही) गोदावरी यज्ञेश्वर देवपुजारी

आमच्यासमोर त्यांनी वाचलं आणि सही केली. आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: (सही) तुळशीराम निमजे, निवृत्त पोस्टमन, बूढापारा

साक्षीदार २: (सही) रमा भाकरे, निवृत्त शिक्षिका, बूढापारा. मी या गल्लीत छत्तीस वर्षं त्यांची शेजारीण आहे. मुलीचं मला आज कळलं.

ठिकाण: रायपूर, छत्तीसगड
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५