मऊ सुताचं जाळं

मुहर्रक, बहारीन
५ नोव्हेंबर १९७८

चि. ज्युलियन यास आयचे अ. उ. आ.

देवाच्या दयेने मी बरी आहे. हॉस्पिटलच्या लाँड्रीतलं काम रोजचंच. ऑल सोल्स डेला तुझ्या पप्पांच्या इथल्या कबरीवर फुलं ठेवून आले. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, पण अजून भात टाकताना हात दोघांचं माप घेतो.

आता मोठी बातमी. तुझा व्हिसा आला. वरच्या मजल्यावरचे रत्नागिरीचे रहिमतुल्लाभाई, त्यांनी आपल्या शेठकडे शब्द टाकला. गोदीवर स्टोअरकीपरची जागा आहे. फेब्रुवारीअखेर हजर व्हायचं, नाहीतर व्हिसा खलास. त्यांच्या बायकोने, महमुदाभाभीने, लगेच शेवयांची खीर पाठवली. तुझ्या वाटणीचीही मीच खाल्ली.

तू लिहितोस, तिथे कुल्लूला थंडीत नदीतले मासे धरता, अंडी काढता आणि मासे परत सोडून देता. कोळ्याच्या पोराने हातातला मासा सोडला हे ऐकून तुझे पप्पा उठून बसले असते. त्यांचं फेकायचं जाळं तू नेलं आहेस, ते जपून वापर.

इकडे लोभ आहेच, तिकडूनही पाठवत जा.
तुझी आय,
अ‍ॅलिस

*

कुल्लू
२६ नोव्हेंबर १९७८

ती. आयस ज्युलियनचा शि. सा. न. वि. वि.

रहिमतुल्लाभाईंना माझा सलाम सांग. आणि आय, आधी रागावून घे, मग पुढे वाच. पप्पांचं जाळं फाटलं.

हिवाळ्यात ट्राउट मासा अंडी घालायला उथळ पाण्यात येतो, म्हणून इथे सगळ्यांना मासेमारी बंद असते. फक्त आमच्या सरकारी मत्स्यकेंद्राची माणसं धरतात, अंडी उबवण्यासाठी. मादीच्या पोटावरून अंगठा हलकेच फिरवला की नारिंगी दाणे परातीत पडतात. बोटं इतकी बधिर होतात की आपली आहेत की दुसऱ्याची, कळत नाही. पण केंद्राचं जाळं नायलॉनचं आहे. त्याने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, जखमेवर पांढरी बुरशी चढते. अंडी देण्याआधीच कितीतरी माद्या हौदात मरतात.

म्हणून मी पप्पांचं सुताचं जाळं काढलं. आपल्या वसईतल्या पाचूबंदरच्या खाडीत टाकावं तसं, सगळे बघत असताना, ऐटीत टाकलं. पण ते चिखलासाठी केलेलं. शिशाच्या जड गोळ्या नदीतल्या गोट्यांत अडकल्या. ओढायला गेलो आणि कमरेपर्यंत बर्फासारख्या पाण्यात बसलो. आमचे प्रमुख शिवदासजी, त्यांनी मला शेकोटीपुढे नेलं, आणि हसू दाबत विचारलं, की तुमच्या समुद्रावर असेच बसून मासे धरतात का.

माझी नोकरी हंगामापुरती आहे. यंदा अंडी भरपूर मिळाली तर मला कायम करणार, नाहीतर जानेवारीत घरी. हे काम मला फार आवडलं होतं. पण रागरंग बघता मी फेब्रुवारीत तुझ्याकडे असेन. जाळं सांधता येईल का, तेवढं कळव.

तुझ्या मायेचा हक्कदार,
ज्युलियन

*

मुहर्रक
१५ डिसेंबर १९७८

चि. ज्युलियन यास अ. उ. आ.

जाळं फाटलं इथवर वाचलं, पत्र मिटलं, चहा केला आणि मग पुढचं वाचलं. फाटकं सांधू नकोस. सांधलंस तरी त्या गोट्यांत अडकणारच. मी नवीन विणून पाठवते आहे.

गेल्या शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, मिस्सा झाल्यावर रहिमतुल्लाभाईंना घेऊन जवळच्या हिद्द गावाला गेले. तिथल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराकडे नायलॉन यायच्या आधीचं सूत निघालं, कापसाचं, मऊ. त्याने विचारलं, कुठल्या समुद्रासाठी. भाईंनी अरबीत सांगितलं की बर्फाच्या नदीसाठी. म्हाताऱ्याला वाटलं आम्ही थट्टा करतो. हसत हसत सगळं सूत माझ्या पदरात टाकलं.

जाळं विणायला मला सासऱ्यांनी शिकवलं होतं, ते देवाने आज कामाला लावलं. जाळ्याचे डोळे लहान ठेवलेत, म्हणजे माशाचं डोकं आत शिरून कल्ले फाटणार नाहीत. शिसं थोडंच घातलंय, तेही काठाच्या कापडात शिवून. गोट्यांवरून सरकेल.

महमुदाभाभी मला वेडी म्हणते. तिचं म्हणणं, जाळं पाठवू नको, पोरगा आपसूक येईल. खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात ते आलं होतं. एक-दोन दिवस सुई बाजूला ठेवली होती. पण तिकडे हरून तू इकडे आलास, तर रोज माझ्यासमोर जेवायला बसशील आणि मन नदीवर असेल. तसं येणं मला नको. यायचं तर आपल्या खुशीने ये.

भाईंचा पुतण्या नजीब उद्या मुंबईला निघतोय, तो तिथून पोस्टाने पार्सल करील. टाकण्याआधी जाळं भिजव. आणि तू पाण्यात उतरणार असशील तर कमरेला दोरी बांधून उतर, शिवदासजी कितीही हसोत.

काळजीत पण मायेत असलेली,
आय

*

कुल्लू
२२ जानेवारी १९७९

ती. आयस शि. सा. न. वि. वि.

पार्सल नाताळानंतर मिळालं. त्याच सकाळी नदीवर गेलो, दोरी बांधून. पहिल्यांदा जाळं वाकडं पडलं. दुसऱ्यांदा ताटासारखं गोल पसरलं आणि आवाज न करता बुडालं. आत दोन माद्या, अंगावर एक ओरखडा नाही. शिवदासजींनी ते सूत गालाला लावून बघितलं आणि मला विचारलं, की तुमच्या आई सरकारी नोकरी करतील का.

केंद्रातले सगळे ट्रे भरले. आता अंड्यांत काळे ठिपके दिसतात, ते पिल्लांचे डोळे. रोज सकाळी मी आधी ते बघतो, मग तोंड धुतो.

आय, कायम नेमणुकीचा कागद आला आहे. मी अजून सही केलेली नाही. पप्पांच्या मागे तू तिथे एकटी आहेस आणि माझ्यासाठी तू लोकांपुढे शब्द टाकलास. तू ये म्हणालीस तर मी येतो आणि मनात काही ठेवणार नाही. व्हिसाची मुदत जवळ आली आहे, तेव्हा तार कर.

तू सांगशील तसं वागणारा,
ज्युलियन

*

मुहर्रक
११ फेब्रुवारी १९७९

चि. ज्युलियन यास अ. उ. आ.

तार मिळाली असेल. दोनच शब्द घातले, सही कर. पोस्टातल्या मल्याळी क्लार्कला वाटलं बँकेची काही भानगड आहे. त्याने दोनदा विचारून घेतलं.

व्हिसाचा कागद रहिमतुल्लाभाईंना परत दिला. त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना म्हटलं, तुम्ही माझ्या मुलासाठी दार उघडलंत, तो आत आला नाही म्हणून तुमचे उपकार कमी होत नाहीत. महमुदाभाभी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बिर्याणी घेऊन आली आणि माझ्याआधी तीच रडली. मीही थोडी रडले. मग दोघी जेवलो.

आता बरं वाटतंय. तू विचारलंस, ये म्हणालीस तर येतो म्हणालास, यातच मला सगळं मिळालं. शुक्रवारी चर्चमध्ये मागायला गेले आणि मागण्यासारखं काही आठवेना. आभार मानून घरी आले.

मे महिन्यात मला दोन महिन्यांची लीव्ह मंजूर झाली आहे. वसईत आठवडाभर थांबून थेट तुझ्याकडे येते. तू मला मुंबईला घ्यायला ये, तिथून इतक्या लांब एकटी कशी येऊ? तुमच्याकडे ट्राउट नुसत्या मिठात भाजतात असं ऐकलं. मासा तू आण, मसाला मी घेऊन येते.

शिवदासजींनाही जेवायला बोलावून ठेव. भेटेपर्यंत माया अशीच राहू दे.
तुझी आय,
अ‍ॅलिस