परग्रहावरून आलेला थर्मास

मुंबई, ६ सप्टेंबर १९७७

ती. दाक्षायणीअक्कास,
सा. न. वि. वि.

बातमी आनंदाची आहे, म्हणजे तू रागावणारच. माझं नाटक टेलिव्हिजनवर येतंय. दूरच्या ताऱ्यावरची, आपल्यापेक्षा हजार वर्षं पुढारलेली माणसं यानातून एका मागास खेड्यात उतरतात. वरचढ आणि अडाणी अशा दोन संस्कृतींची पहिली गाठ. एक म्हातारी त्यांच्या प्रमुखापुढे गढूळ पाण्याचा तांब्या धरते. तो आपल्या चकचकीत नळकांड्यातलं पाणी पितो. जाताना ते नळकांडं मागे राहतं, आणि म्हातारी त्याला रोज विभूती लावून पुजायला लागते.

म्हातारी कुठून सुचली, ते तुला सांगायला नको. संक्रांतीला मी घरी थर्मास विसरलो आणि अव्वा त्याला विभूती लावते, हे तूच कळवलं होतंस. तालमीत सगळे पोट धरून हसतात. सोलापुरात अजून टेलिव्हिजन नाही, हे अव्वाच्या दृष्टीनं बरंच म्हणायचं.

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारा,
वीरेन

सोलापूर, १२ सप्टेंबर १९७७

चि. वीरभद्रप्पास (वीरेन नावाचा कुणी तिथे राहत असल्यास त्यानं हे पत्र फोडू नये),
अ. उ. आ.

अव्वाला मी एवढंच वाचून दाखवलं, की तुझं नाटक दिसणार आहे. तिथंच चुकलं. तिनं ठेवणीतलं इरकल बाहेर काढलंय आणि पुण्याला अण्णारावमामांकडे जायचं नक्की केलंय. त्यांच्या शेजारी टेलिव्हिजन आहे. लेकाचं कर्तृत्व बघून डोळे मिटते म्हणते. मिटणार नाही ती, काळजी नको. पण मामांच्या सगळ्या गोतावळ्यात बसून स्वतःला हसणारी माणसं बघेल, त्याचं काय?

आता तुझी ती पूजा. घरातून कुणी पाणी न पिता उंबरा ओलांडला, तर त्याची जी वस्तू मागे राहील तिला अव्वा विभूती लावते, तो माणूस सुखरूप पोचावा म्हणून. अप्पा भांडून बाहेर पडले, की खुंटीवरच्या त्यांच्या उपरण्याला लावायची, तू पाहिलंयस. हजार वर्षं पुढं गेल्यावर एवढं मागचं दिसत नसेल. आणि गढूळ पाणी कुठलं रे? राखेनं घासलेल्या तांब्यात, दुहेरी फडक्यातून गाळलेलं पाणी तिनं तुझ्यापुढे धरलं होतं. तू बूट न काढता स्वैपाकघरापर्यंत आलास आणि बरोबर आणलेलं मुंबईचं पाणी प्यायलास.

म्हातारी काढून टाक. जमत नसेल तर विभूती तरी काढ.

माया आहे, पण सध्या ती मागच्या पुण्याईवर चालली आहे, हे ध्यानात असू दे.
दाक्षायणी

मुंबई, १९ सप्टेंबर १९७७

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

विभूती निघणार नाही. तोच प्रसंग सगळ्यांत जमलाय. घरच्यांना विचारून लिहायचं म्हटलं, तर लेखकाच्या हातून फक्त लग्नपत्रिका होतील. तुमचं जग तांब्याएवढं, म्हणून कुठंही वाकून पाहिलं की तुम्हाला आपलंच तोंड दिसतं. अव्वाला पुण्याला नेऊ नकोस. ताप आला म्हण, गाडी चुकली म्हण. खोटं बोलायला तुला मी शिकवायला हवं का?

लोभाचं काय करायचं ते तुझ्यावर सोडतो.
वीरेन

सोलापूर, ४ ऑक्टोबर १९७७

चि. वीरभद्रप्पास,
अ. उ. आ.

गाडी चुकवून पाहिली. पण अव्वा माझ्या आधीच फलाटावर जाऊन बसली होती.

शेजाऱ्यांची खोली माणसांनी गच्च. म्हातारी दिसल्याबरोबर सगळे हसले. अव्वाही हसली. ही बाई अर्धवट दिसते म्हणाली, पाहुण्याला कुणी गढूळ पाणी देतं का. मला वाटलं, सुटले. मग तुझा तो ताऱ्यावरचा प्रमुख आला. रुपेरी कपडे, बुटांसकट थेट चुलीपर्यंत. तांब्या बाजूला सारला, आपलं नळकांडं उघडलं, उभ्या उभ्या सगळ्यांना शहाणपण शिकवलं आणि घड्याळ बघून निघाला. अव्वाचं हसू थांबलं. माझा हात घट्ट धरून कानाशी म्हणाली, की दाक्षी, हा आपला वीरभद्र की गं.

सगळी खोली म्हातारीला हसत होती, आणि ती एकटी त्या पाहुण्याकडे बघून पदरानं डोळे पुसत होती. परतीच्या गाडीत कुर्डुवाडीला म्हणाली, की पोराला चूक उमगली होती तर चार ओळी टाकायच्या. जगापुढे स्वतःचं एवढं हसं कशाला करून घ्यायचं, मनात किती झुरला असेल. तिनं तुला माफ करून टाकलंय. मी केलेलं नाही.

घरी आल्या आल्या तिनं थर्मासची विभूती पुसली. माणूस पोचला म्हणते. थर्मास घासून त्यात आपल्या घरचं पाणी भरलंय, तुझ्यासाठी मुद्दाम उकळून. गल्लीतला सिद्धाराम चादरींचा माल घेऊन मुंबईला निघालाय. थर्मास आणि हे पत्र त्याच्याच हाती देते आहे.

हे नाटक तू तिची माफी मागायला लिहिलंस, असा तिचा समज आहे. मी तो मोडलेला नाही. तुला मोडायचा असेल, तर इथं येऊन, तिच्यासमोर बसून मोड. बूट बाहेर काढ.

पाणी सिद्धारामच्या देखत पी. तो परत आला, की अव्वा त्याला तेवढंच विचारणार आहे.

आशीर्वाद अव्वाचे आहेत. मी फक्त लिहून दिले.
दाक्षायणी