रिकाम्या घरांच्या गुढ्या

सोलापूर,
गुरुवार, दि. १० एप्रिल २०२५

ती. सौ. भुवनेश्वरी अक्कास,

मंजुनाथचे शरणु शरणार्थी. दाजींनाही सांग. इकडे आम्ही दोघं मायलेक ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. ऊन मी म्हणतंय. पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही. काव्याचे पेपर कसे गेले? तिला म्हणावं, मामा विचारत होता.

पत्र बघून तू दचकशील. आजकाल पत्र कोण लिहितं? पण अक्का, फोनवर माझं तोंड फार चालतं. समोरच्याला काय ऐकायचंय ते मला आधीच कळतं आणि मी तेच बोलतो. पगारच त्याचा मिळतो मला. शिवाय खोली एक, आणि अव्वा तिथंच बसलेली असते. म्हणून हे लिहून शेजारच्या सिद्धाप्पाजवळ देतोय. तो उद्या मैंदर्गीला येतोय. तुझ्याच हातात द्यायचं म्हणून बजावलंय.

मुख्य ते आधी लिहून टाकतो, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन. रविवारी दाजी आमच्या स्कीममध्ये फ्लॅट बुक करायला येणार आहेत. त्यांना येऊ देऊ नकोस. मी स्वतः तिथं फ्लॅट विकतो आणि मीच सांगतोय, घेऊ नका. अव्वाच्या शेजारी घर असलं की तिच्याकडं लक्ष राहील, असं तू म्हणालीस. अक्का, अव्वाचं तिथं घर नाही. आमचं तिथं काहीच नाही.

आता सगळं नीट सांगतो.

तुला ठाऊक आहे, मी शहराबाहेरच्या त्या नव्या कॉलनीच्या ऑफिसात आहे. गेल्या दिवाळीपासून गिऱ्हाईक आटलंय. पुण्याला नोकरी करणारी पोरं पूर्वी गावाकडं असू दे एक फ्लॅट म्हणून घ्यायची, ती थांबली. जी माणसं येतात ती सँपल फ्लॅटमध्ये फोटो काढतात, सरबत पितात, आणि जाताना वर बघून एकच विचारतात, “राहायला कोण आलंय का हो?” कोणीच आलेलं नव्हतं. येणार कसं? महापालिकेचा दाखला नाही, पाण्याची लाइन नाही. मागच्या दोन इमारतींचं काम बंद आहे आणि मजूर कधीच गावी गेलेत. रविवारी गिऱ्हाईक येतं, म्हणून शनिवारी टँकर मागवून टाकी भरायची. म्हणजे रविवारी नळ सोडला की पाणी धो धो येतं. सोमवारी नळाला नुसती हवा.

आमचे मालक उदयसिंह साहेब एकदा म्हणाले, “मंजुनाथ, माणसं दिसली पाहिजेत.” आणि मी, अक्का, मी हुशार. मी म्हणालो, “साहेब, पाडवा रविवारी आलाय. गॅलऱ्यांत गुढ्या उभ्या करू.” साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेनं मला इतकं बरं वाटलं, की पुढचंही मीच सुचवलं. म्हटलं, एखादी वास्तुशांतही होऊ दे. तोरण, जेवणाचा वास, आत-बाहेर करणाऱ्या बायका. लोकांना आपोआप वाटेल की वस्ती झाली.

पाडव्याला वॉचमननं रिकाम्या फ्लॅटांवर गुढ्या बांधल्या. रस्त्यावरून काय सुंदर दिसत होतं! कापड घाऊक आणलेलं, सगळं एकाच ताग्याचं. अव्वानं रिक्षातून उतरता उतरता वर बघितलं आणि म्हणाली, “समद्यांनी एकाच दुकानातनं घेतलं व्हय रे?” मी हसलो. म्हणालो, “अव्वा, सोसायटी हाय की ही. असंच असतंय.”

हो, वास्तुशांतीला बसायला कुणी मिळत नव्हतं, म्हणून मी अव्वाला नेलं. सांगून नेलं असतं तर ती आली नसती. मी सांगितलं, घर घेतलंय, कर्ज झालंय, तुला आनंदाचा धक्का द्यायचा होता. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग अप्पांचा फोटो भिंतीवरून काढला आणि पदरानं पुसायला लागली. तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. पण मला ते रविवारचं गिऱ्हाईक दिसत होतं.

पूजेला जंगम अय्या आले. अव्वानं त्यांची पाद्यपूजा केली, दूध उतू घातलं, गव्हाची हुग्गी केली. अप्पांच्या फोटोसाठी वॉचमननं खिळा ठोकून दिला. तू मागं कधी पाठवलेली समई दारात लावली. आणि दुपारी लोक येत गेले तसं ती एकेकाला हाताला धरून आत नेत होती. “या की. माझ्या लेकानं घेतलंय. हितं देवघर हाय बघा, हितं वारं लई येतंय.” अक्का, मला इतक्या वर्षांत जमलं नाही ते तिनं एका दुपारी केलं. लोक माझ्याकडं येऊन फॉर्म मागत होते. साहेब हळूच म्हणाले, “तुझ्या आईला पगार चालू करायला पाहिजे.” मी त्यावर हसलोसुद्धा.

संध्याकाळी ती निघेना. म्हणाली, पहिली रात्र रिकामं ठेवू नये. मी म्हणालो, रंगाचं काम राहिलंय, महिनाभरानं यायचंय. मुकाट्यानं उठली. समई तिथंच ठेवली. घरी येऊन तुला फोन लावला. त्या फोनवर ती काय काय बोलली ते तू ऐकलंसच. दाजींच्या डोक्यात फ्लॅट शिरला तो तेव्हाच.

पुढच्या रविवारी मी सकाळीच कामावर गेलो. अव्वानं मागून विचार केला असणार, की घरात आठवडाभर दिवा लागला नाही. तेलाची बाटली घेऊन, बस विचारत विचारत ती तिथं आली. मी जिन्यात होतो. ती माझ्या शेजारून वर गेली, तसा मी मागं धावलो. दार उघडं होतं. आत तोरण, पाट, पूजा. पाटावर नवं लुगडं नेसून दगडाबाई बसलेली. लग्नाकार्यात पोळ्या लाटते ती बाई, दिवसाच्या रोजावर आणलेली. अप्पांच्या खिळ्यावर दुसऱ्याच कुणाचा फोटो. आणि दारात तुझी समई पेटलेली.

मला वाटलं, आता अव्वा ओरडणार. खरं सांगतो, मनात पहिला विचार आला तो गिऱ्हाइकांचा. हॉलमध्ये बसलेलं जोडपं चांगलं होतं, बुक करणारं होतं. ऋतुराज आणि सृष्टी, टेंभुर्णीचे. चौकाजवळ त्यांचं टायरचं दुकान आहे. तिला सातवा महिना आहे. दवाखाना जवळ हवा म्हणून सोलापुरात घर बघत होते.

अव्वानं पाटाकडं बघितलं, खिळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला सगळं कळलं. ती खाली बसली. दगडाबाईला हळदकुंकू लावलं, आणलेल्या तेलातलं थोडं समईत घातलं. तेवढ्यात ती सृष्टी तिच्याजवळ सरकून म्हणाली, “आजी, तुम्ही हितंच राहता का? पाणी येतंय का हो रोज? मला आता बादल्या उचलणं होणार न्हाय, म्हणून इचारते.”

मी सरबताचा ट्रे घेऊन दारात उभा होतो. अव्वानं मान वर केली आणि माझ्याकडं बघत बघत त्या पोरीला सांगितलं, “येतंय की. मी हितंच ऱ्हाते, वरच्या मजल्यावर. रोज येतंय पाणी.”

त्यांनी त्याच दुपारी बुक केलं.

आपल्या अव्वाला तू ओळखतेस. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याशी तिनं जन्मभर अबोला धरला. तिनं माझ्यासाठी एका पोटुशा पोरीला तोंडावर खोटं सांगितलं. सोमवारी सकाळी अंघोळ केली, विभूतीची वाटी पुढ्यात घेतली, आणि तशीच बसून राहिली. गळ्यातलं लिंग हातावर घेतलंच नाही. मी विचारलं तर म्हणाली, “ह्या तोंडानं शिवाचं नाव घेववत न्हाय.” पूजा नाही म्हणजे जेवण नाही, तुला माहीतच आहे. नुसत्या चहावर राहिली. मंगळवारी म्हणाली, “त्या पोरीकडं घिऊन चल मला. तुझं तू बघ, माझं मला निस्तरू दे.” मी म्हणालो, जाऊ, उद्या जाऊ. गिऱ्हाइकाला सांगतो ना, लाइन पुढच्या महिन्यात येते म्हणून, त्याच आवाजात.

काल ऑफिसातून आलो तर दाराला कुलूप. पोटात नुसता चहा, आणि ती एकटी एसटीनं टेंभुर्णीला गेली. टायरचं दुकान विचारत विचारत पोचली. ऋतुराजचा मला फोन आला, “तुमच्या आई आमच्याकडं आल्यात.” मी मिळेल त्या गाडीनं गेलो.

अक्का, इथून पुढचं लिहायला हात वळत नाही. आत्तापर्यंतचं जे लिहिलं ते कबूल करायला सोपं होतं, असं आता वाटतंय.

अव्वा त्यांच्या स्वयंपाकघरात जेवायला बसली होती. कपाळाला विभूती. सृष्टी वाढत होती. म्हणजे अव्वानं बोलायचं ते बोलून टाकलं होतं, पूजा केली होती आणि तीन दिवसांनी भाकरी मोडली होती. ऋतुराज मला बाहेर घेऊन गेला. म्हणाला, “आजी म्हणत्यात, त्या तितं राहत न्हाईत, पाणीबी येत न्हाय. हौसेपायी खोटं बोलले म्हणत्यात. तुमाला ह्यातलं कायच ठाऊक न्हाय, असंबी म्हणाल्या. मग खरं काय हाय साहेब?”

बघ. तिनं फक्त स्वतःचं खोटं कबूल केलं. माझं नावसुद्धा घेतलं नाही. उलट मला वाचवलं. मला फक्त इतकंच म्हणायचं होतं, की आजी खरं बोलतायत. तीन शब्द.

मी म्हणालो, “वय झालंय हो तिचं. हल्ली काही लक्षात राहत नाही. काहीतरीच बोलते. तुम्ही मनावर घेऊ नका.”

इतक्या सहज निघालं तोंडातून. वर हसलो पण. ऋतुराजचा चेहरा मोकळा झाला. म्हणाला, “मला वाटलंच. आमची आजीबी अशीच करायची.” आणि मग मी आत बघितलं. स्वयंपाकघर दोन पावलांवर होतं. अव्वाचा घास हातातच राहिला होता. सृष्टी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, लहान मुलाला समजवावं तशी. “असू दे आजी, हुतंय असं. जेवा तुमी.” अव्वानं माझ्याकडं बघितलं नाही. घास ताटात ठेवला आणि हात धुतला.

त्यांचं बुकिंग अजून तसंच आहे. मी ते वाचवलं. साहेबांना कळलं तर पुन्हा थाप मिळेल.

परतीच्या गाडीत मी बोलायचा प्रयत्न केला, पण ती खिडकीकडं तोंड करून बसली. आज सकाळी सिद्धाप्पाची बायको दारात आली आणि तिनं सहज विचारलं, “मावशी, नव्या घरात कधी जाणार?” अव्वा म्हणाली, “मला काय आठवत न्हाय बाई. मंजुनाथला इचार.” मला वाटलं, टाळायला म्हणाली असेल. मग किराणावाल्यानं मागचं काही विचारलं, त्यालाही तेच. “वय झालं की माझं. ऱ्हात न्हाय ध्यानात.”

मी कामावर गेलो नाही. दुपारी तिच्यासमोर जाऊन बसलो. ती ज्वारी निवडत होती. मी म्हणालो, “अव्वा, चल. आत्ता टेंभुर्णीला जाऊ. तुझ्यादेखत सगळं खरं सांगतो. नोकरी गेली तर जाऊ दे.” रडलो मी, अक्का, तुला खोटं वाटेल. तिनं सुपातून एक खडा वेचून बाजूला टाकला आणि म्हणाली, “कंची टेंभुर्णी रे बाबा? मला काय आठवत न्हाय.”

ज्वारी निवडणारा हात एकदाही थांबला नाही तिचा. ती मला शिक्षा करतेय की माझं खोटं अजून राखतेय, मला समजत नाही. दोन्ही असेल. पण एवढं कळतं, की मी लोकांना सांगितलं तशीच ती आता राहणार, म्हणजे लेक खोटा पडायला नको.

हे पत्र देऊन मी एकटाच टेंभुर्णीला निघतोय. ऋतुराजला सांगेन. तो काय करायचं ते करेल. दाजींना तू सांग, आणि माझं नाव घेऊन सांग. नातेवाइकांत जे व्हायचं ते होऊ दे.

रविवारी मात्र तू ये. अव्वा कदाचित तुला ओळखही दाखवणार नाही, तुझं नाव विचारेल. घाबरू नकोस, तिला डॉक्टरकडं नेऊ नकोस. ती कितीही म्हणाली तरी विश्वास ठेवू नकोस. तिला सगळं आठवतंय.

तिनं ज्याला ओळखायचं सोडलंय तो,
मंजुनाथ