डबा परत नको

सोमवार, ५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र पोचलं. तू पुढच्या महिन्यात येतेस म्हणून आईने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "तुम्हाला उगाच त्रास नको" म्हणून लॉजवर उतरणार आहेस, तेही वाचलं. बरं. आम्ही ठीक आहोत. आईला भूक लागते, झोप बेताचीच. छातीवरची कॅन्सरची जखम आता भरणार नाही, असं ड्रेसिंगला येणाऱ्या नर्सने मला जिन्यात गाठून सांगितलं. वास येतो. खिडक्या उघड्या ठेवते.

चर्चची मंडळी काळजी घेते का, असं तू विचारलंस. घेते की! इतकी घेते की माझ्या डोक्यात तिडीक जाते. महिला मंडळाने पाळ्या लावल्यात. रोज दुपारी कुणीतरी डबा घेऊन येतं, कधी सूप, कधी उकडलेल्या भाज्या. डबा दारातच हातात द्यायचा, नाकाला रुमाल लावून उंबरठ्यावरच घाईघाईची प्रार्थना करायची आणि जाता जाता म्हणायचं, "डबा परत नको हं. राहू दे तुम्हालाच." आई म्हणायची, "किती मोठ्या मनाची माणसं!" मीही मान हलवायचे. फडताळ भरलं, मग मी डबे पलंगाखाली सरकवायला लागले.

मग एके दिवशी अत्तरवाली आली. आठवते ना, पुढच्या बाकावर बसून मागच्या बाकांना शिंका आणते ती? तिचा डबा चांगला होता, निळ्या झाकणाचा. मला राहवलं नाही. लगेच रिकामा केला, गरम पाण्याने घासला आणि तिच्या मागोमाग जिना उतरले. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"अगं नको, नको. आमच्याकडे लहान नातू आहे."

डबा माझ्याच हातात राहिला. हा रोग लागत नाही, हे डॉक्टरांनी तिच्यासमोर सांगितलं होतं. तेव्हा तिने आमेनसुद्धा म्हटलं होतं! मला शिसारी आली, मावशी. वर येऊन फडताळ उघडलं आणि ते घासूनपुसून ठेवलेले डबे एकेक करून बाहेर काढले.

त्यानंतर पाळकसाहेब आले. खुर्ची खिडकीशी ओढून बसले. "बाई, तुम्ही आता दगदग करू नका. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला मीच घरी आणून देत जाईन."

आई म्हणाली, "ते काय औषध आहे, एकटीने घ्यायला? मी येईन."

जिने इतकी वर्षं वेदीची कापडं धुतली, कांजी घालून इस्त्री केली, सगळे ज्या एकाच प्याल्यातून पितात त्याची कड पुसायचं फडकंसुद्धा, तिला हे सांगायचं! ती कापडं तर त्यांनी केव्हाच काढून नेली, "आराम करा" म्हणून. 'आराम' हा शब्द ऐकला की हल्ली मला ओकारी येते.

काल आम्ही चर्चला गेलो. मी दोन पिशव्या भरून डबे घेतले होते. उपासना सुटल्यावर चहाच्या टेबलावर सगळे मांडले आणि म्हटलं, "आपापला ओळखून घ्या." कुणी पुढे येईना. मंडळातल्या डॉक्टरीणबाई बिनसाखरेचा चहा ढवळत बसल्या. निळ्या झाकणाचा डबा मी अत्तरवालीच्या नाकासमोर धरला. "आमचा नाही बाई." झाकणावर तिच्याच नातवाने चिकटवलेलं बदक होतं. पुन्हा विचारलं. "आमचा नाही गं." तिसऱ्यांदा विचारलं. "एकदा सांगितलं ना, नाही म्हणून!" प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या शिष्यासारखीच; कोंबडा तेवढा आरवायचा राहिला होता. मी हसले, आणि डबे तिथेच टाकून निघाले.

हे सगळं तुला इतकं रंगवून सांगते आहे, कारण चहाच्या आधीचं सांगायचं टाळते आहे.

प्रभुभोजनाला ओळ लागली तेव्हा आईच्या मागे कुणी येईना. एकाला खोकला आला, एकाच्या बुटाची नाडी सुटली. आईने वळून बघितलं. ती काठी टेकत ओळीतून बाहेर आली आणि थेट शेवटी जाऊन उभी राहिली, म्हणजे तिच्यानंतर प्याल्याला तोंड लावायची वेळ कुणावर येऊ नये. मला म्हणाली, "तू हो पुढे."

आणि मी झाले पुढे. मुकाट्याने. मला सुटल्यासारखं वाटलं, मावशी. रोज तिची जखम मी बघते, श्वास रोखून बघते. रोग लागत नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तरी मी तिच्या आधी प्यायले.

तळाशी उरलेला द्राक्षरस पाळकसाहेब दर वेळी स्वतः पितात. काल त्यांनी प्याल्यावर फडकं टाकलं आणि तो बाजूला सरकवला. "फडक्याला इस्त्री नीट नव्हती," वाटेत आई एवढंच बोलली.

घरी आल्यावर मी अत्तरवालीची नक्कल करून दाखवायला लागले. आई हसली नाही. पलंगावर टेकली, जरा दम घेतला आणि म्हणाली, "डबे कसले घेऊन बसलीस? तू तरी माझ्या मागे उभी राहशील असं वाटलं होतं."

त्या सगळ्यांची किळस जरा ओसरली की स्वतःची येते, आणि ती ओसरत नाही.

पुढचं प्रभुभोजन पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे. आई शेवटी उभी राहणार नाही. तिच्या मागे मी असेन. माझ्या मागे कुणी येईल का, माहीत नाही. तू लॉजवर उतर, नाहीतर इथे उतर, मी काही म्हणणार नाही. मला आता कुणाला काही म्हणायचं तोंड नाही. पण माझ्या मागची जागा तुझ्यासाठी धरून ठेवते.

काल आईच्या पुढे उभी राहिलेली,
तुझी भाची