एकटीनं वाढवलं

देवगाव रंगारी,
४ नोव्हेंबर २०२४

चि. सुदर्शन यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू बोलत राहतोस आणि मी गप्प होते, म्हणून लिहिते. आई गेल्यापासून मी रजा घेऊन इथंच आहे, भागूमावशीजवळ.

दहाव्याला लावलेला तुझा फलक अजून पारावर आहे. आईच्या फोटोखाली तू छापलंयस, ‘पतीच्या निधनानंतर एकटीनं दोन लेकरांना वाढवलं.’ काल मावशीनं मला तो वाचून दाखवायला सांगितला. मी ‘एकटीनं’ गाळून वाचलं. नवऱ्यानं टाकल्यापासून आईची ही बहीण आपल्याच घरात राबली. ती शेजारी उभी असताना माझी जीभ वळली नाही.

आणि तिच्याचबद्दल तू जाताना मला सांगितलंस, की ती एकटी आहे, तिला कुणी नाही, घराला कुलूप लावून तिला वृद्धाश्रमात ठेवू. आईला एकटी म्हटलंस ते कौतुकानं. मावशीला म्हणतोस ते घालवून द्यायला. मला फार राग आला आहे.

सौ. सोनियाला आशीर्वाद. माया आहे म्हणूनच लिहिलं.

तुझी ताई,
सुरेखा


पडेगाव,
८ नोव्हेंबर २०२४

ती. सुरेखाताईस,
सा. न. वि. वि.

जन्मात कधी चार वाक्यं सलग बोलली नाहीस आणि आता एकदम नोटीसच धाडलीस. सोनिया म्हणाली, वकील बघा.

अगं, विधवा बाईनं पोरं वाढवली की सगळेच ‘एकटीनं’ लिहितात. फलकवाल्याकडं तो मजकूर तयारच असतो. त्यात मावशीचा अपमान कुठून आला? दहाव्याला माणसं रडली ती त्या शब्दावरच.

आता मुद्द्याचं. मावशी सत्तरीची झाली. रात्री पडली तर कोण बघणार? एकट्या बाईनं तसं राहणं बरं नाही. तुझी रजा संपली की तू कन्नडला जाशील. आमच्या दोन खोल्यांत जागा नाही, हे तुला माहीत आहे. आश्रम स्वच्छ आहे, पडेगावपासून लांब नाही. मी बोलून ठेवलंय. रविवारी, १७ तारखेला गाडी घेऊन येतो, तिचे कपडे बांधून ठेव.

राग सोडावा, लोभ तेवढा ठेवावा.

तुझा,
सुदर्शन


देवगाव रंगारी,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सुदर्शन यास,
आशीर्वाद.

कपडे बांधलेले नाहीत.

मी कन्नडला एकटी जीपमध्ये बसले तरी माणसं विचारतात, एकटीच? तू नागपूरला एकटा जाऊन आलास तर गावभर सांगतात, पोरगा एकटा जाऊन आला. हा शब्द ज्याच्या तोंडी, त्याच्या सोयीचा. तूही तेच केलंस.

आपल्या घरी पेरणी कशी व्हायची आठवतं का? आई तिफण धरून ज्वारी पेरायची. बाई तिफण धरते म्हणून गाव हसायचं. मागून मावशी मोघ्याच्या नळीतून करडई सोडत चालायची. पुढं एक, मागं एक. एकटीनं ते होतच नाही. लोकांना आई दिसली, कारण ती पुढं होती. तू तर घरातला होतास.

आई खरंच एकटी पडली ती एकदाच. तुला अकरावी-बारावीला पडेगावला खोली करून दिली तेव्हा. तुला मेसचं सोसत नव्हतं, म्हणून मावशी तुझ्याकडं भाकरी करायला राहिली आणि मी हॉस्टेलला होते. त्या दोन्ही हंगामांत आपल्या शेतात करडई नव्हती. मोघ्याला माणूसच नव्हतं. ते माणूस तुझ्याजवळ होतं, सुदर्शन. एका खोलीत तेव्हा दोघांना जागा झाली. आता दोन खोल्यांत होत नाही.

मी तिला कन्नडला चल म्हटलं. ती नको म्हणते. मग मीच इथून नोकरीला रोज एसटीनं जाऊन-येऊन करीन. बाकी ती स्वतःच सांगते आहे. ती बोलेल तसं खाली लिहिते.

सुरेखा


चि. सुदर्शनला भागूमावशीचा आशीर्वाद.

बाबा, बोर्ड मला कळला व्हता. ताईनं एक शब्द गिळला ते तिच्या तोंडावरून दिसलं. मग मी शेजारच्या कचरूच्या सुनेकडून वाचून घेतला. गावानं म्हणलं असतं तर मला काय वाटलं नसतं. तू म्हणलास.

मी सत्तरीची झाले म्हणतोस. व्हय, झाले. पण पडले तर उचलायला शेजार हाय. तिथं तुझ्या आश्रमात मला कोण वळखतं?

करडई पेरायची राहिलीय. कचरूची बैलं सांगून ठेवलीत. तिफण ताई धरते म्हणती, तिला लई घाई, पेरणीचं तास वाकडं जाईल. रविवारी गाडी आण, पण मला न्यायला नगं. जुने कपडे घालून ये आन तिफण धर.

मागं मी हाय.

भागूबाई (निशाणी अंगठा)